घडीची घरं : भीमा आणि घोडच्या काठावरचे मुक्काम

गेली चार वर्षं मी जी गाडी वापरतो तिला मराठीत नाव नाही. पिकअपच्या हौद्यात बसवलेली ती एक पेटी आहे. रस्त्यावर असताना तिचं छप्पर खाली दबलेलं असतं. मुक्कामाला पोचलं की कोपऱ्यांतल्या कड्या सोडायच्या, छप्पर दोन फूट वर उचलायचं, की मधल्या फटीत दुमडलेल्या जाड कापडाच्या भिंती ताणून उभ्या राहतात. आत दोघांना झोपता येतं, उभं राहून चहा करता येतो. अमेरिकेत याला पॉप-अप कॅम्पर म्हणतात. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या ज्या फॅब्रिकेटरनं ती बनवली, त्यानं आपल्या वहीत 'उचलता टप' अशी नोंद केली होती. खरं नामकरण मात्र न्हावऱ्याला झालं. आठवडे बाजाराच्या कडेला छप्पर उचलून बसलो होतो, तेव्हा पिशवी घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्यानं थांबून निरखून पाहिलं आणि नातवाला सांगितलं, "ही पालगाडी."

शब्द चपखल होता, पण निष्पाप नव्हता. घडीच्या घराला मराठीत शब्दांची वाण नाही : डेरा, राहुटी, तंबू, कनात, शामियाना, पाल, खोप, कोपी. कोशात हे एकमेकांच्या शेजारी बसतात, पण गावाच्या हद्दीवर त्यांची पंगत वेगवेगळी. डेरा सरदाराचा, राहुटी शिलेदाराची, तंबू साहेबाचा, पाल भटक्याचं आणि कोपी ऊसतोड्याची. कापड, बांबू, दोरी आणि मेखा सगळीकडे त्याच. आत कोण झोपतं यावर शब्द ठरतो, आणि शब्द ठरला की उद्या सकाळी गाव त्याच्याशी कसं वागणार हेही ठरतं. मी पालगाडीत बसून या प्रश्नाच्या मागे लागलो. घर उचलून नेण्याची युक्ती कुणाची, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. ती अनेकांना अनेकदा सुचलेली आहे. ते घर कुठं टेकवायची मुभा कुणाला होती, हा खरा इतिहास आहे.

या शोधासाठी शिरूर आणि दौंड या तालुक्यांइतका सोयीचा मुलूख शोधून सापडणार नाही. उत्तरेला घोड, मधून भीमा, वरून नगरचा रस्ता, खालून सोलापूरचा रस्ता आणि लोहमार्ग. पाऊस बेताचा, माळ मोठे, झाडी विरळ. इथून जाणारे नेहमीच खूप. मुघल, मराठे, कंपनी सरकार, वंजारी, धनगर, वारकरी, ऊसतोड कामगार, सगळ्यांनी इथं कधी ना कधी मेखा ठोकल्या आहेत.

सुरुवात जनावरापासून करावी लागते, कारण घडीच्या घराचा आकार माणूस ठरवत नाही, ते वाहणारा ठरवतो. भीमेच्या खोऱ्यातलं भीमथडी तट्टू उंचीला बेताचं, दिसायला साधं, पण चिवट. चारा-पाण्याची चैन त्याला लागत नाही. ही तट्टं यमुनेचं पाणी पिऊन आली, असं आपण अभिमानानं म्हणतो. शिरूर तालुक्यात आलेगाव पागा नावाचं गाव आहे; त्या नावातली पागा अजून गेलेली नाही. (घोडनदी या नावाचा घोड्यांशी संबंध जोडायचा मोह मी टाळतो. असले मोह स्थानिक इतिहासात फार.) लढाईच्या इतिहासात या तट्टांचं कौतुक झालं, पण त्यांचं रोजचं काम ओझ्याचं होतं आणि ते अजून संपलेलं नाही. धनगरांचं बिऱ्हाड आजही याच घोड्यांच्या पाठीवर चालतं. खाली घोंगड्या, दोन्ही बाजूंना भांडी आणि धान्याची पोती, वर मेंढ्या कोंडायची वाघर, सर्वांत वर डालग्यात कोंबड्या, आणि कधी नुकतं जन्मलेलं कोकरू. २०२३-२४ मध्ये राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं भीमथडीची घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. ही जात पागेत टिकली नाही, सरदारांच्या वाड्यात टिकली नाही. मेंढपाळांच्या मुक्कामांवर टिकली. ज्यांच्याकडे सातबारा नव्हता त्यांनी ती सांभाळली, हे मला त्या नोंदीपेक्षा मोठं वाटतं.

याच्या अगदी उलट टोकाचं घर भीमेच्या पलीकडच्या तीरावर होतं. दौंड तालुक्यासमोर, श्रीगोंद्याच्या हद्दीत पेडगाव आहे. तिथल्या किल्ल्याला मुघलांचा सुभेदार बहादूरखान याच्यावरून बहादूरगड म्हणत. आता लोक त्याला धर्मवीरगड म्हणतात. १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराजांना कैद करून आणलं ते इथल्या औरंगजेबाच्या तळावर. मुघल बादशहाचा तळ म्हणजे चालतं शहर. त्याच्या पणजोबाच्या काळातला हिशेब अबुल फजलनं 'आईन-इ-अकबरी'त देऊन ठेवला आहे : बादशाही तळ एकदा हलवायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल. शिवाय डेऱ्यांचे दोन संच असत. बादशहा एका संचात झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामी रवाना होई आणि त्याच्या आगमनापूर्वी उभा राही. या आघाडीच्या संचाला पेशखाना म्हणत. ही व्यवस्था वाचकानं लक्षात ठेवावी. ती पुढे दोनदा भेटणार आहे.

मराठी फौजेची सुरुवातीची ताकद पेशखाना नसण्यात होती. स्वाराच्या मागे तोबरा, घोंगडी, फार तर दोघांत एक राहुटी. पुढे दौलत वाढली, तसे डेरे वाढले आणि डेऱ्यांबरोबर बुणगे वाढले. पानिपतावर लढणाऱ्यांना न लढणाऱ्यांच्या ओझ्यानं कसं जखडलं, हे वेगळं सांगायला नको. मी पेटीत सामान भरताना एक लोखंडी खुर्ची जास्त घेतली की बायको "बुणगे वाढले" म्हणते. माझ्या पिकअपला टनभर वजन झेपतं, पण पेटी, पाणी, गॅस आणि आम्ही दोघं धरलं की उरतं ते फार नसतं. ओझं उंचावर गेलं की आलेगावच्या उतारावर गाडी डुलते. छप्पर खाली बसवून चालायचं कारण हेच. वारा कमी लागतो, भार खाली राहतो आणि बाभळीच्या फांद्या टप सोलून काढत नाहीत.

पावसाळ्यात मात्र फौजेला छप्पर लागे. 'छावणी' हा शब्द 'छावणे' म्हणजे शाकारणे यावरून आला. चार महिने नद्या उतरता येत नसत तेव्हा तंबू गुंडाळून गवताचं छप्पर घालायचं, ती छावणी. म्हणजे पाल हा प्रवासाचा शब्द आणि छावणी थांबण्याचा. कंपनी सरकारनं या ऋतूच्या शब्दाला बारमाही केलं. १८०३ च्या युद्धानंतर शिरूरला इंग्रजी फौजेचा तळ पडला तो वर्षानुवर्षं हललाच नाही. शिरूरच्या कबरस्तानात कर्नल विल्यम वॉलेसची कबर आहे. तो १८०९ मध्ये इथं वारला. आजूबाजूचे शेतकरी त्याला सत्पुरुष मानून सुगीच्या वेळी त्याच्या कबरीला धान्य वाहत, असं पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरनं नोंदवलं आहे. आयुष्य तंबूत काढलेल्या एका परक्या शिपायाला शिरूरच्या मातीत अशी कायमची वस्ती मिळाली. फिरत्या माणसाला गावानं देवाच्या रांगेत बसवल्याचं हे उदाहरण मला फार विचार करायला लावतं, कारण त्याच गावांच्या वेशीवर दुसऱ्या फिरत्यांचं काय होत होतं ते पुढे येतं.

पेशवाई गेल्यावर या मुलखात तंबू आले ते दौऱ्याचे. कलेक्टर आणि त्याचे असिस्टंट पावसाळा संपला की कचेरी तंबूत घालून तालुक्यांत फिरत. त्यांच्याकडेही तंबूंचे दोन संच असत. एक रात्री बैलगाड्यांवर पुढे जाई आणि सकाळी घोड्यावरून साहेब पोचेपर्यंत आमराईत उभा असे. पेशखाना मरत नाही, मालक बदलतो. आमराईची सावली, घोड्यांना कडबा, सरपण, दूध, कोंबड्या, अंडी आणि ओझ्याला गाड्या, हे सगळं पुरवायचं गावानं. त्याचे पैसे कधी हाती पडत, कधी मधल्या मधे मुरत, आणि बऱ्याचदा ती सरळ वेठच असे.

या तंबूंतूनच जमीन मोजली गेली. प्रिंगलची पहिली मोजणी फसल्यावर १८३५-३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी शेजारच्या इंदापूर तालुक्यात नव्यानं काम सुरू केलं. तीच पद्धत मग भीमथडीत, म्हणजे आजच्या दौंडच्या भागात, आणि पुढे साऱ्या इलाख्यात गेली. प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर, प्रत्येक नंबराला हद्दीचे दगड, प्रत्येक दगडामागे एक खातेदार. सारा हलका झाला, तीस वर्षं तो वाढणार नाही याची हमी मिळाली, आणि शेतकऱ्याला याचा फायदा झाला हे खरं आहे. पण राहुटीत राहून साखळी ओढणाऱ्या त्या माणसांनी नकळत राहुटीत राहणाऱ्यांचा माळ संपवला. पूर्वी 'मोकळं' म्हणून ओळखलं जाणारं रान आता कुणाचं तरी झालं, सरकारी पड झालं, नाहीतर १८७८ च्या कायद्यानंतर राखीव जंगल झालं. गायरान उरलं, पण तेही गावाचं. जो कुठल्याच गावाचा नाही त्याचं काय, हा रकाना मोजणीच्या कागदात नव्हता.

तो रकाना दुसऱ्या एका कायद्यानं भरला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तरेकडे लागू झाला आणि १९११ मध्ये मुंबई इलाख्यात आला. पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींतल्या माणसांची नावं पोलिसांच्या वहीत चढली. ठरलेल्या वेळी हजेरी, गाव सोडायला पास, आणि पासाशिवाय सापडला तर शिक्षा. दौंडहून रेल्वेनं काही तासांवर असलेल्या सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. अशी माणसं हद्दीत दिसली की वर कळवायचं काम गावच्या पाटलावर होतं.

इथं मला थांबावं लागतं, कारण हा एकच पाटील आहे. आमराईत तंबू उभा राहिला की धावत जाऊन दूध पोचवणारा तोच, आणि ओढ्याकाठी पाल दिसलं की चौकीला वर्दी देणाराही तोच. दोन्ही घरं कापडाची. दोन्ही बिऱ्हाडं आठ दिवसांत उठून जाणार. एकाला 'दौरा' म्हणायचं आणि दुसऱ्याला 'भटकणं'. इंग्रज गेल्यावर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, वहीतली नावं खोडली गेली, आणि भटके-विमुक्त हा दिवस आजही पाळतात. पण पाल दिसलं की डोळे बारीक करायची गावाची सवय कायद्याच्या पुस्तकात नव्हती, त्यामुळे ती रद्दही झाली नाही. १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आलं, तेव्हा कैकाड्यांचं गाढवावरचं बिऱ्हाड मराठी वाचकानं पहिल्यांदा आतून पाहिलं. तोवर साहित्यात पाल होतं ते रस्त्यावरून दिसणारं.

रेल्वेनं या भागाची चाल बदलली, पण तिच्याविषयी इथं थोडक्यातच लिहितो. १८५८ मध्ये पुण्याहून लोहमार्ग दौंडवरून डिकसळपर्यंत आला, १८७८ मध्ये दौंड-मनमाड फाटा सुरू झाला. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहणारे तांडे त्याबरोबर मावळले. वाहतुकीचा धंदा गेला की फिरत्या माणसाचं फिरणं संशयास्पद ठरतं. कालपर्यंत ज्याच्या तळाची गाव वाट पाहत होतं, तो आज विनाकारण आलेला असतो.

आता पेशखान्याची दुसरी भेट. १६८५ मध्ये तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी पालखी सोहळा सुरू केला. तुकोबांची पालखी पुण्याहून लोणी काळभोर, मग यवत, मग वरवंड करत दौंड तालुका ओलांडते आणि पाटसनंतर रोटी घाट चढून बारामतीकडे उतरते. यवतच्या पिठलं-भाकरीविषयी भरपूर लिहिलं गेलं आहे. मला लिहायचंय दिंडीच्या ट्रकविषयी. दिंडीचं ओझं आधी बैलगाडीवर असे, आता ट्रकवर असतं. पहाटे वारकरी निघाले की मागे राहिलेली पाच-सहा पोरं तंबू पाडतात, घड्या घालतात, मेखा मोजून पोत्यात भरतात (मेखा मोजाव्याच लागतात, रोज दोन कमी भरतात), आणि ट्रक दुसऱ्या वाटेनं पुढच्या मुक्कामी जातो. दुपारपर्यंत राहुट्या उभ्या, चुली पेटलेल्या, हंडे भरलेले. ट्रकच्या हौद्यात वरती ताडपत्री बांधून त्याखाली दोघं-तिघं झोपतात. पिकअपवर घर असण्याची माझी मिजास यवतच्या मैदानावर पहिल्याच रात्री उतरली. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या ट्रकातून दीड-दोनशे माणसांचं घर बाहेर आलं होतं, आणि ते उभारायला त्यांना माझ्याइतकाच वेळ लागला.

वरवंडला किंवा यवतला कुणी या राहुट्यांना पाल म्हणत नाही. शेतकरी उभ्या वर्षाचं रान मोकळं ठेवतो, ग्रामपंचायत टँकर आणते. मुक्कामाचा हक्क मागावा लागत नाही, तो गाव पुढे होऊन देतं. म्हणजे या गावांना शेकडो फिरती घरं सांभाळता येत नाहीत असं मुळीच नाही. ती दरवर्षी सांभाळतात.

उरलेलं वर्ष पाहायचं तर दिवाळीनंतर यावं. दौंडमध्ये पाटसजवळचा भीमा कारखाना, शिरूरमध्ये न्हावऱ्याचा घोडगंगा, शिवाय केडगाव भागातली गुऱ्हाळं. या पट्ट्यात ऊस आला तो कालव्यांच्या आणि धरणांच्या पाण्यावर, आणि ऊस तोडायला माणसं आली ती पाणी नसलेल्या भागातून : बीड, आष्टी, पाटोदा, पाथर्डी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. हिशेबात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. येताना ट्रक किंवा ट्रॅक्टरमध्ये संसार, बैल असतील तर टायरगाडी. उतरल्यावर बांबूच्या कमानी, त्यावर तट्टे, वर पाचट किंवा मेणकापड, आणि वाकून आत जावं लागेल एवढं दार. ही कोपी एका दुपारीत उभी राहते. पाच-सहा महिने टिकते, पट्टा पडला की मोडते.

मी अशा कोप्यांशेजारी अनेकदा गाडी लावली आहे, आणि दोन घरांची तुलना करण्यावाचून राहवलं नाही. माझ्या पेटीत चाळीस लिटर पाण्याची टाकी. कोपीतली बाई हंडा घेऊन मोटारीच्या पाइपापर्यंत जाते, तीही वीज असेल तेव्हा. डिसेंबरात भीमेकाठी पहाटे माझ्या कापडाच्या भिंती आतून ओल्या होतात, त्यांचं मेणकापडही. मी उठून हीटर लावतो. ती तोवर फडावर गेलेली असते, कारण गाडी सकाळी भरून काट्यावर पोचायला हवी. कोपीपासून शाळा जवळ असली तर पोरं कधी जातात, कधी धाकट्याला सांभाळतात. लोक या वस्तीला 'ऊसतोड्यांचा तळ' म्हणतात. तळ हा लष्करी शब्द. इथं लष्कर नाही, पण शिस्त मात्र तीच आहे.

अमेरिकेत १९५० च्या दशकात 'अलास्कन' नावाच्या पेट्या आल्या. त्यांची वरची अर्धी भिंत खालच्या भिंतीवर सरकून बसे. जर्मनीत १९५१ पासून वेस्टफालिया कंपनी फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये घर बसवू लागली. माझ्या फॅब्रिकेटरनं त्यांची छायाचित्रं मोबाइलवर पाहिली, मग बाहेर जाऊन पालखीच्या एका ट्रकची ताडपत्री कशी बांधली आहे ते पाहून आला, आणि दोन्हींचं मिश्रण केलं. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्यांना रात्री उभं राहायला जागा, पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय हवी, हे त्यात मान्य केलं आहे. धोरण वाचताना मी पेन्सिलनं समासात एवढंच लिहिलं : हे चारही शब्द कोपीलाही लागतात.

कारण मुक्कामाचा अनुभव मला सगळीकडे सारखाच आला आहे. चिंचणीच्या घोड धरणाकाठी, सिद्धटेकसमोर शिरापूरच्या बाजूला, उजनीचं पाणी दौंडच्या हद्दीत शिरतं त्या राजेगाव-खानोट्याच्या काठावर, छप्पर उचललं की तासाभरात कुणीतरी येतं. पोरं आधी. मग एखादे गृहस्थ, "साहेब, कुठून?" मग तांब्याभर दूध. हाकलायला आजवर कुणी आलं नाही. हे आतिथ्य खरं आहे आणि मी ते आनंदानं स्वीकारतो. ते दूध ज्या घरातून येतं त्याच घरातून ओढ्यापलीकडच्या पालांवर नजर ठेवायला कुणीतरी बसलेलं असतं, हेही मी पाहिलं आहे.

गेल्या माघात आलेगावच्या पुढे एका धनगर वाड्याशेजारी आम्ही थांबलो. मेंढ्या एका शेतकऱ्याच्या रानात बसवल्या होत्या. खताच्या बदल्यात धान्य ठरलेलं. वाड्यातल्या एका मावशी पालगाडीभोवती दोन फेऱ्या मारून आल्या. छप्पर उचलून दाखवलं, खाली बसवून दाखवलं. त्यांनी कापड चिमटीत धरून पाहिलं.

"घोडं काय खातं ओ हे?"

"डिझेल, मावशी."

"मग याला बांधावर चारा न्हाई मिळायचा," त्या म्हणाल्या. आत डोकावून पुन्हा विचारलं, "कोकरं कुठं ठेवता?" कोकरं नाहीत म्हटल्यावर त्यांना आमचं फिरणं फारसं पटलं नसावं. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "हितं उतरायला कुणाला इचारलंत?"

कुणालाच विचारलं नव्हतं. त्यांनी या रानासाठी तीन आठवडे आधी माणूस पाठवला होता, सरपंचांना सांगितलं होतं, आणि रान देणाऱ्या शेतकऱ्याच्या भावकीत कुणाचा आक्षेप नाही ना याची खात्री करून घेतली होती. पुढच्या पाच मुक्कामांची बोलणीही झालेली होती. कागद कुठलाच नव्हता, पण गावांची आणि माणसांची नावं त्यांना ओळीनं पाठ होती, नदी कुठं उतरायची त्या जागांसकट. मी वही काढून ती लिहून घेतली. त्यांतली दोन रानं आता प्लॉटिंगला गेली आहेत, असं त्या जाता जाता म्हणाल्या, तेव्हा यंदा वाट घोडच्या अंगानं वळवावी लागणार.

हा अंक हाती येईल तेव्हा बीडकडच्या गाड्या नगर रस्त्यानं शिरूरचा पूल ओलांडत असतील. रात्री त्या पुलावर उभं राहिलं तर भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीत, बांबू आणि तट्ट्यांच्या भाऱ्यावर, झोपलेली मुलं दिसतात. न्हावऱ्याचा फाटा तिथून जवळच आहे.